शीडींनंतरचं एसेंडन

मेलबर्नच्या एसेंडन क्लबने 2007 मध्ये केव्हिन शीडी यांचा करार पुढे वाढवला नाही आणि 27 हंगामांची साथ संपली. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये एकाच क्लबला एवढी वर्षं दिलेले प्रशिक्षक मोजकेच. 1984, 1985, 1993 आणि 2000 ही चार विजेतेपदं त्यांच्या खात्यावर आहेत. पण चषकांची मोजदाद इथेच थांबवू.

आम्हाला मोठी वाटते ती 25 एप्रिल. गॅलिपोलीत 1915 साली उतरलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी एसेंडन आणि कॉलिंगवूड यांचा सामना व्हावा, हा ध्यास शीडींनी घेतला. 1995 मधल्या पहिल्याच सामन्याला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर नव्वद हजारांहून अधिक माणसं लोटली. सामना बरोबरीत सुटला. त्याच सामन्यात एसेंडनच्या मायकल लाँग या आदिवासी खेळाडूला वंशावरून शिवी दिली गेली. लाँग गप्प बसला नाही. त्याच वर्षी लीगला वांशिक शिवीगाळीविरुद्ध नियम करावा लागला. अशा खेळाडूंना शीडींनी संघात मानाची जागा दिली, याचं मोल आम्ही चारही चषकांहून अधिक मानतो.

2020 चं कोविडचं वर्ष वगळता तो सामना दर 25 एप्रिलला होत आला आहे.