रोपाआधी माती विचारा

पाऊस पडला की आपल्याकडे खड्डे खणायला सुरुवात होते. मशिदीचे आवार, कब्रस्तानची कड, उर्दू शाळेचे मैदान, जिथे जागा मिळेल तिथे कडुनिंब, करंज, चिंच. फोटो निघतात. पुढच्या उन्हाळ्यात यातली बरीच रोपे जागेवर नसतात आणि दोष पाण्याला दिला जातो. सोलापूर जिल्ह्यात तो बहुतेक वेळा खराही असतो. पण पाणी घालूनही रोप दोन-तीन वर्षे वीतभरच राहिले, तर त्या जागेत आधी काय पडत होते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

माळशिरस तालुक्यातले श्रीपूर हे साखरेचे, म्हणजेच उसाचे गाव. उसाला स्फुरदाची खते पिढ्यान्‌पिढ्या दिली जातात. ही खते ज्या खडकापासून बनतात त्यात कॅडमियम निसर्गतःच असते. नत्र उडून जाते, वाहून जाते. कॅडमियम मातीत साठत राहते. युरोपीय संघाने २०२२ पासून अशा खतांत एक किलो फॉस्फरस पेंटॉक्साइडमागे ६० मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा घातली, ती उगाच नाही.

दुसरा स्रोत आपल्या अधिक ओळखीचा आहे. भंगार, बॅटरी, गॅरेज, धातूंवर मुलामा देण्याची कामे. या धंद्यांत आपली कितीतरी मुले आहेत. जुनी बॅटरी उघड्यावर फोडली की शिसे आणि आम्ल दोन्ही जमिनीत जातात. सोलापूरच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा एक गुण असा, की ती शिशासारखे धातू घट्ट धरून ठेवते आणि मुळांना सहज देत नाही. आम्ल ही पकडच सोडवते. म्हणून बॅटरी फोडलेली जागा दुहेरी वाईट.

घाव आधी मुळावर बसतो. मुळाच्या टोकाशी पेशींची वाढ थांबते, केसमुळे कमी होतात, आणि पाणी समोर असूनही झाड तहानलेले राहते. जस्त आणि लोह ज्या वाटांनी मुळात शिरतात, त्याच वाटांनी कॅडमियम घुसते. मग पाने पिवळी पडतात, झाड खुरटते. शिसे बहुतांशी मुळातच अडकते, कॅडमियम मात्र पानांपर्यंत चढते. पाने गळली की तेच पुन्हा वरच्या मातीत. ‘झाडे लावा, जमीन आपोआप शुद्ध होईल’ हे म्हणूनच अर्धेच खरे.

मात्र प्रत्येक पिवळे पान विषारी नसते. उसावर केवडा पडतो तो आपल्याकडे बहुधा चुनखडीमुळे लोह न मिळाल्याने. डोळ्यांनी फरक कळत नाही, तपासणीच लागते.

आणि इथेच अडते. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी तपासल्या जातात: नत्र, स्फुरद, पालाश, सामू, जस्त, लोह वगैरे. शिसे, कॅडमियम, क्रोमियम त्यात नाहीत. पत्रिका हिरवीगार आली म्हणजे जमीन निर्दोष, असा समज शेतकऱ्याने करून घेतला तर त्याला दोष कसा द्यायचा?

२०२५ च्या जुलैमध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. संशयित जागा कळवण्याचे काम त्यात स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनावर टाकले आहे. गावाने जागा दाखवलीच नाही तर ती कागदावर येणार कशी? गावात बॅटरी कुठे फुटत होत्या, ॲसिड कुठे ओतले जायचे, हे वयस्कर मिस्त्रींना तोंडपाठ असते. त्यांच्याकडून ते लिहून घ्या आणि ग्रामसभेत नाव-ठिकाणासह मांडा. त्या मातीत शिसे-कॅडमियम तपासण्याची मागणी लेखी करा, पोच घ्या. अहवाल येईपर्यंत तिथे आंबा, शेवगा, मेथी, काहीच लावू नका. लहान मुलांनाही त्या मातीत खेळू देऊ नका. शिसे झाडापेक्षा त्यांच्या मेंदूला लवकर गाठते.