नोंद नसलेली तबकडी



फाल्गुन लागला की माजरी जंक्शनवरून वणीकडे फुटणाऱ्या लाइनीच्या कडेने पळस पेटतो. कोळशाच्या धुळीने बाकी सगळी झाडं राखाडी झालेली असतात, त्यात ही केशरी फुलं लांबूनच नजरेत भरतात. माझं लहानपण याच गावच्या कॉलनीत गेलं आणि तबकडीचा पहिला धडाही मी इथेच घेतला. एक तबकडी खराब करून घेतला. हा अंक दुर्मीळ जॅझ तबकड्या आणि त्यांची पुनर्प्रकाशनं यांना वाहिलेला आहे, म्हणून सुरुवात त्या तबकडीपासून करतो.

शेजारच्या क्वार्टरमध्ये रेल्वेत नोकरीला असलेले एक गोवेकर गृहस्थ राहत. बदली झाली तेव्हा पत्र्याची एक जड पेटी त्यांनी आमच्याकडे ठेवली आणि ती कायमची राहिली. 1980 च्या दशकातल्या एका उन्हाळ्यात मी ती उघडली. वर नाट्यगीतं, मधे सिनेमाची गाणी आणि तळाशी कोलंबियाची एक तबकडी. लेबलावर नाव होतं ‘चिक अँड हिज म्युझिक मेकर्स’. धूळ इतकी चिकटून बसली होती की कोरड्या फडक्याने निघेना. घरी कपाटाचं पॉलिश चाललं होतं. सुतारकाकांच्या बाटलीतलं स्पिरिट फडक्यावर घेतलं आणि घासायला लागलो. फडकं काळं झालं तेव्हा वाटलं, मळ निघतोय. उन्हात धरून पाहिलं तर घासलेल्या जागेची चकाकी गेली होती आणि बोटाला चिकट लागत होतं. सुतारकाका वाकून बघत म्हणाले, “अरे बाबू, हे त चपडाच आहे. स्पिरिटमंदी इरघळनारच ना.”

ते कपाटावर जे चढवत होते, त्याचीच माझ्या हातातली तबकडी बनलेली होती. आपल्या छंदाचं मूळ एवढ्या जवळ आहे हे मला त्या दिवशी कळलं. 78 फेऱ्यांची तबकडी म्हणजे चपडा, दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडे सुती तंतू. एमिल बर्लिनरने 1890 च्या दशकात कडक रबर सोडून हे मिश्रण घेतलं आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षं जगभरच्या तबकड्या त्याच्याच बनल्या. चपडा म्हणजे पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर बसणाऱ्या किड्याची लाख. तिचा सर्वांत मोठा पुरवठादार भारत होता. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात ही तिन्ही झाडं आजही उभी आहेत. शिकागो आणि न्यू यॉर्कमध्ये वाजलेला जॅझ घरोघर पोचला तो आपल्याकडच्या लाखेवर बसून.

ही लाख अडली तेव्हा काय झालं, हे जॅझच्या संग्राहकाने विसरू नये. एप्रिल 1942 मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठीचा चपड्याचा वापर 70 टक्क्यांनी कमी करायला लावला. नवी तबकडी हवी असेल तर जुनी आणून द्या, असं दुकानदार सांगू लागले. जमा झालेल्या तबकड्या दळून पुन्हा नव्या मिश्रणात गेल्या. 1920 च्या दशकातल्या काही तबकड्यांच्या मोजक्याच प्रती जगात उरल्या, त्यामागे तुटपुंजा खप आहे, तशी ही दळणंही आहेत. पाठोपाठ 1 ऑगस्ट 1942 पासून तिथल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. सर्वांत मोठ्या दोन कंपन्यांशी तडजोड व्हायला नोव्हेंबर 1944 उजाडलं. न्यू यॉर्कच्या क्लबांत बीबॉप आकार घेत होता ते हेच महिने, आणि त्यांचं ध्वनिमुद्रण आपल्याला जवळपास मिळत नाही.

त्याच सुमारास आपल्याकडे मात्र तबकड्या निघत होत्या. 1926 मध्ये शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँगच्या बरोबरीने वाजवणारा पियानोवादक टेडी वेदरफर्ड शांघायमार्गे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, मग कलकत्त्याला गेला. युद्धकाळात त्याने तिथे कोलंबियासाठी ध्वनिमुद्रणं केली आणि 1945 मध्ये तिथेच पटकीने त्याचा अंत झाला. त्याच्याही आधी, 1935 मध्ये, लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमध्ये वाजवत होता. त्यातल्या क्रिकेट स्मिथने 1936 मध्ये रेक्स लेबलसाठी ‘ताजमहाल’ हा फॉक्सट्रॉट मुद्रित केला. त्याचा कर्ता मेना सिलास हा मुंबईचा बगदादी ज्यू. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवरच्या आपल्या पुस्तकाला याच रचनेचं नाव दिलं आणि 2012 मध्ये पुस्तकासोबत एका सीडीवर जुनी ध्वनिमुद्रणं वाचकांच्या हाती ठेवली. आपल्या क्षेत्रातलं हे मोलाचं काम आहे.

माझ्या पेटीतला चिक म्हणजे चिक चॉकलेट, मूळ नाव अँतोनियो झेवियर वाझ, जन्म 1916 चा, गोव्यातल्या हळदोण्याचा. ट्रंपेट आर्मस्ट्राँगच्या वळणाचं. तबकडीवर नाव असलेला हा वादक तुमच्याकडे आणखी एका कप्प्यात बसलेला असतो, फक्त तिथे त्याचं नाव छापलेलं नसतं. सी. रामचंद्रांच्या 1951 च्या ‘अलबेला’त भगवानदादांच्या नाचामागे पडद्यावर दिसतो तो चिक आणि त्याचा ताफा. वाद्यमेळ रचायला आणि वाजवायला मुंबईच्या सिनेमात गोव्याचे असे कितीतरी वादक होते. तेव्हा आपल्या संग्राहकांना माझी पहिली विनंती ही, की जॅझचा शोध फक्त जॅझच्या लेबलांत घेऊ नका. घरातल्या सिनेमाच्या 78 तबकड्या पुन्हा एकदा कान देऊन ऐका आणि ट्रंपेट किंवा सॅक्सोफोनचा एकल तुकडा जिथे सापडेल तिथे खूण करा.

पुनर्प्रकाशनाने काय साधतं, हे अमांसियो डिसिल्वा या गिटारवादकाच्या उदाहरणाने सांगतो. 1936 मध्ये मुंबईत जन्मलेला, मूळ गोव्याच्या घराण्यातला हा कलावंत 1960 च्या दशकात लंडनला गेला. निर्माता डेनिस प्रेस्टनच्या लॅन्सडाउन स्टुडिओत 1969 मध्ये त्याचं ‘इंटिग्रेशन’ झालं आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबरचं ‘हम दोनो’ही त्याच वर्षी. दोन्हींच्या मूळ एलपी थोड्याच निघाल्या. आज त्यांच्या किमती सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेर आहेत. ‘कोंकण डान्स’ नावाचं त्याचं काम तर ध्वनिफितीतच पडून राहिलं. ते व्होकॅलियन या लेबलने 2006 मध्ये प्रथम प्रकाशित केलं, तेव्हा कलावंत जाऊन दहा वर्षं झाली होती. फीत कोणीतरी जपली होती आणि तिच्यावर काय आहे ते लिहून ठेवलेलं होतं, म्हणून हे घडू शकलं.

78 च्या बाबतीत अशी फीत नसते. पुनर्प्रकाशन करणाऱ्याच्या हाती पुष्कळदा कारखान्यातला धातूचा साचाही नसतो. त्याला कोणाच्या तरी घरातल्या तबकडीवरूनच काम करावं लागतं. भारतात दाबलेल्या तबकडीची उत्तम प्रत भारतातच असण्याचा संभव जास्त, आणि ती मुंबईच्या चोरबाजारात आता क्वचितच येते. ती असते रेल्वेच्या गावांत, खाणींच्या कॉलन्यांत, बदल्या होत होत मागे राहिलेल्या पेट्यांत. माजरी, बल्लारशा, घुग्घुस ही नावं जॅझच्या कुठल्याही इतिहासात नाहीत, पण पेट्या इथेच उघडायच्या आहेत.

बाजारात येणारं प्रत्येक पुनर्प्रकाशन विश्वासाने घेण्यासारखं असतं असं नाही. तीन गोष्टी तपासा. पहिली, वेग. तबकडीवर 78 लिहिलेलं असलं तरी जुनी ध्वनिमुद्रणं थोड्या कमी-अधिक वेगाने झालेली असतात. वेग सहा टक्क्यांनी चुकला की पांढरी एकमधलं वादन काळी एकमध्ये ऐकू येतं. ट्रंपेट, ट्रॉम्बोनवाले ताफे सहसा काळी पाच, काळी दोन अशा पट्ट्यांत वाजवतात. पुनर्प्रकाशनात तेच वादन पांढरी सातमध्ये आलं तर हार्मोनियम घेऊन बसा आणि वेगाची शंका घ्या. दुसरी, खरखर. ती पुसताना झांजेची किणकिण आणि ट्रंपेटची धारही पुसली जाते. थोडी खरखर ठेवलेलं रूपांतर मला केव्हाही जवळचं वाटतं. तिसरी, उगम. कोणत्या तबकडीवरून घेतलं, तिचा क्रमांक काय, हे वेष्टनावर नसेल तर ती प्रत जुन्याच एखाद्या पुनर्प्रकाशनाची नक्कल असण्याची शक्यता धरून चाला.

स्वतः रूपांतर करणाऱ्यांना माहीत असलेलं पुन्हा सांगतो, कारण चुका अजून होतात. एलपीची सुई 78 वर चालवू नका. 78 च्या खाचेला साधारण 75 मायक्रॉनची सुई लागते, एलपीची सुई तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी बारीक असते आणि खाचेच्या तळाशी घासत जाते. पहिली फाइल 96 किलोहर्ट्झ, 24 बिटमध्ये, कसलीही साफसफाई न करता ठेवा. सफाई तिच्या प्रतीवर करा. तबकडी धुवायला शुद्ध केलेलं पाणी, सौम्य साबणाचे दोन-चार थेंब आणि मऊ ब्रश पुरतो. लेबल भिजू देऊ नका. आणि स्पिरिटची बाटली त्या खोलीतसुद्धा आणू नका.

आपल्या भागात जतनाची वेगळी अडचण आहे. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर आडव्या रचलेल्या तबकड्या बशीसारख्या वाकतात. म्हणून आपण त्या कूलरच्या खोलीत आणतो, आणि ओल्या हवेने पावसाळ्याआधीच लेबलांवर बुरशी धरते. तबकड्या घराच्या आतल्या, जाड भिंतीच्या खोलीत, कूलरच्या झोतापासून दूर, कागदी पाकिटांत उभ्या ठेवाव्यात. प्लॅस्टिकची पाकिटं दमट हवेत नकोतच.

कायद्याचा प्रश्न वाचक नेहमी विचारतात. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. 1945 मध्ये निघालेल्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क 2005 अखेर संपला. मात्र रचनेचा हक्क वेगळा असतो. तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. म्हणून पुनर्प्रकाशनाआधी रचनाकार कोण आणि तो कधी गेला, हे शोधणं भाग आहे. तिथेही लेबलाची नीट नोंद असेल तरच शोध पुढे सरकतो.

नोंदीचं काम कसं करायचं याचा वस्तुपाठ महाराष्ट्रात आहे. 1990 मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या माध्यमातून सुरेश चांदवणकरांनी वर्षानुवर्षं संग्राहकांना लिहितं केलं. 1935 ते 1955 या काळात मुंबईत निघालेल्या ‘यंग इंडिया’ लेबलच्या तबकड्या ब्रिटिश लायब्ररीच्या एका योजनेत त्यांनी डिजिटल स्वरूपात आणल्या. मोठ्या कंपन्यांच्या सावलीत हरवलेलं एक देशी लेबल त्यामुळे पुन्हा ऐकता येऊ लागलं. जॅझसाठी हे काम आपल्याला अजून करायचं आहे.

आपल्यात एक जुनी सवय आहे. दुर्मीळ तबकडी सापडली की ती सांगायची नाही, कारण सांगितली तर भाव उतरेल किंवा कोणी मागायला येईल. ही भीती मी समजू शकतो, मीही ती बाळगली आहे. पण दडवलेली तबकडी वारसांच्या हातून भंगारात जाते, हे मी स्वतः पाहिलं आहे. तबकडी तुमच्याच कपाटात राहू द्या. तिची नोंद मात्र सगळ्यांची होऊ द्या.

पुढच्या अंकापासून या मासिकाची दोन पानं वाचकांच्या नोंदींसाठी राखली आहेत. लेबल, क्रमांक, लेबलाजवळच्या काळ्या पट्टीत कोरलेला साच्याचा क्रमांक, दोन्ही बाजूंची नावं, ती कुठे मिळाली आणि आज तिची अवस्था काय, एवढं पोस्टकार्डावर मावतं. मालकाचं नाव छापायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. अवस्था मात्र खरी लिहा, कारण पुनर्प्रकाशन करणाऱ्याला तिच्यावरच भरवसा ठेवायचा असतो.

पहिली नोंद माझी असेल. कोलंबिया, एफबी मालिका, चिक अँड हिज म्युझिक मेकर्स. माजरीच्या रेल्वे क्वार्टरमधली पेटी. दुसरी बाजू चांगली. पहिल्या बाजूवर सुरुवातीच्या खाचांत बोटभर जागा स्पिरिटने गेलेली, ती संपादकाच्या हातून. बाकीचं ट्रंपेट शाबूत आहे. ज्याच्याकडे याच तबकडीची धड पहिली बाजू असेल, त्याने कळवावं. दोन्ही मिळून एक पूर्ण गाणं होईल.