ओळखीचा दलाल, परक्याची दलाली

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात घरांचा दलाल दुकानाच्या पाटीवरून ओळखला जात नाही. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेतील जाहिरात, मुलांना वाटलेल्या वह्या, भिंतीवरची दिनदर्शिका यांतून त्याचे नाव घरोघरी पोहोचते. खोलीची भाडेपावती कोणाच्या नावावर, भावाभावांत वाद कशावरून, हे त्याला घरमालकाइतकेच ठाऊक असते. यात गैर काही नाही. हेच त्याचे भांडवल.

पागडीला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने मान्यता दिली. २०१७ पासून दलालांना महारेराची नोंदणी सक्तीची झाली, पुढे परीक्षाही आली. परंतु ही नोंदणी महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पांतील व्यवहारांपुरती आहे. चाळीतील पागडीच्या खोलीचे हस्तांतर तिच्या कक्षेत येत नाही. तेथे ओळख हाच परवाना.

खरा प्रश्न पुनर्विकासाच्या वेळी उभा राहतो. उपकरप्राप्त इमारतीसाठी पूर्वी ७० टक्के भाडेकरूंची संमती लागत असे, आता ५१ टक्के पुरते. त्या सह्या गोळा करायला अनेकदा हाच ओळखीचा माणूस दारोदार फिरतो. त्याची दलाली विकासक देणार का, हे त्याला तोंडावर विचारणे शेजारधर्मामुळे अवघड जाते. आणि नियमाप्रमाणे ही लेखी संमती एकदा दिली की मागे घेता येत नाही.