फिजीची आशा आणि रग्बीचे अर्थकारण

२०२७ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियात सुरू होणाऱ्या रग्बी विश्वचषक स्पर्धेत चोवीस संघ उतरतील. त्यांतील फिजीच्या चाहत्यांची उत्कंठा काही निराळीच आहे. जेमतेम नऊ लाख वस्तीच्या या द्वीपराष्ट्राने २०१६ साली रिओ येथे आपले पहिलेवहिले ऑलिंपिक पदक मिळविले ते सात खेळाडूंच्या रग्बीत, आणि तेही सुवर्णपदक. त्या विजयाच्या स्मरणार्थ तेथील रिझर्व्ह बँकेने चक्क सात डॉलरची नोट काढली!

पंधरा खेळाडूंच्या मूळ खेळात मात्र १९८७, २००७ आणि २०२३ अशी तीनदा उपान्त्यपूर्व फेरी गाठूनही फिजीला पुढचे दार उघडता आलेले नाही. २०२३ मध्ये फिजीने ऑस्ट्रेलियाला २२-१५ असे नमविले. १९५४ नंतरचा हा त्या संघावरचा पहिलाच विजय होता. पुढे इंग्लंडकडून ३०-२४ अशी हार पत्करावी लागली. हे सहा गुणांचे अंतर आता तरी भरून निघेल काय, हा चाहत्यांचा प्रश्न आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला त्यामागे आणखी एक प्रश्न दिसतो.

गिरमिट करारावर नेलेल्या भारतीय मजुरांनी फिजीत ऊस पिकविला. साखरेचा धंदा दीर्घकाळ एका ऑस्ट्रेलियन कंपनीच्या हाती होता आणि कच्ची साखर शुद्ध होण्यासाठी परदेशी जात असे. १९९५ मध्ये रग्बीचा खेळ व्यावसायिक झाल्यावर खेळाडूंचेही तेच झाले. गुणवत्ता फिजीच्या खेड्यांत उपजते. तिचे मोल ठरते ते फ्रान्स व इंग्लंडच्या क्लबांत. फिजीत जन्मलेले जो रोकोथोको आणि सितिवेनी सिविवातू तर न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाकडूनच खेळले.

याचा दोष खेळाडूंना देणे अन्यायाचे होईल. परदेशस्थ फिजीवासी आज वर्षाकाठी एक अब्ज फिजी डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी धाडतात. मुंबईच्या मनीऑर्डरवर चाललेली कोकणातील घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या पैशाचे मोल सांगावयास नको. तेव्हा बंदी हा यावरील उपाय नव्हे. घरीच संधी निर्माण करणे हाच उपाय होय.

तो व्यवहार्य आहे, हे सिद्ध झाले आहे. २०२२ मध्ये ‘फिजियन द्रुआ’ या संघाला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या व्यावसायिक स्पर्धेत प्रवेश मिळाला आणि पुढच्याच वर्षी त्यातील अनेक खेळाडू विश्वचषकात चमकले. उलट, २०२६ च्या ‘नेशन्स चॅम्पियनशिप’मध्ये बड्या राष्ट्रांच्या पंक्तीला फिजीला पान वाढले गेले खरे, पण वेल्स, इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्याविरुद्धचे त्याचे ‘घरचे’ सामने ठरले ते ब्रिटनमध्येच! तिकिटांचे उत्पन्न तेथे अधिक मिळते, हा हिशेब बिनचूक असेल. परंतु ज्या मुलाने आपला संघ सुव्हाच्या मैदानावर कधी पाहिलाच नाही, त्याचे नुकसान कोणत्या खतावणीत मांडावयाचे?

फिजीने या खेपेस उपान्त्य फेरी गाठावी, अशी इच्छा कोणीही निःपक्षपाती क्रीडाप्रेमी करील. तथापि चाहत्यांची खरी मागणी चषकाहून साधी आहे. आपल्या मातीत घडलेला संघ आपल्याच मातीवर खेळताना त्यांना पाहावयाचा आहे. एवढेही जी व्यवस्था देऊ शकत नाही, तिने समान संधीच्या गोष्टी कराव्यात काय?