झेलणाऱ्यांचा खेळ

चीअरलीडिंग म्हटले की आपल्या वाचकाला आयपीएल आठवते. 2008 साली या स्पर्धेच्या पहिल्याच हंगामात बंगळूरु संघासाठी अमेरिकेतील वॉशिंग्टन रेडस्किन्स या फुटबॉल संघाच्या चीअरलीडर आल्या, आणि चौकार-षटकारानंतर सीमारेषेबाहेरच्या मंचावर नाचणाऱ्या मुली हे चित्र आपल्याकडे पक्के झाले. अमेरिकेतल्या शाळा-महाविद्यालयांत या नावाने जे चालते त्याचा मोठा भाग मात्र नाच नाही. तिथे एका मुलीला तिघेचौघे डोक्यावर उचलतात, एका पायावर उभी करतात, हवेत फेकतात आणि परत झेलतात. या प्रकाराला तिथे ‘स्टंट’ म्हणतात. हे काम अंगमेहनतीचे, शिस्तीचे आणि धोक्याचे आहे. त्यातला धोका कोण पेलतो हे नीट समजून घेतल्याशिवाय त्याच्या सुरक्षिततेविषयीची चर्चा भरकटत राहते, म्हणून आज हा विषय.

या प्रथेचा आरंभ पुरुषांनी केला. 2 नोव्हेंबर 1898 रोजी मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल हा विद्यार्थी मैदानासमोर उभा राहून प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेऊ लागला. ती तारीख आजही या क्षेत्रात आरंभदिन मानली जाते. मुली 1920 च्या दशकात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धात मुलगे सैन्यात गेल्यावर बहुसंख्य झाल्या. लॉरेन्स हर्किमर यांनी 1948 मध्ये राष्ट्रीय संघटना उभी करून प्रशिक्षण शिबिरांची पद्धत घातली. पुढे जिम्नॅस्टिक्समधल्या कोलांट्या आणि मानवी मनोरे यांची भर पडत गेली. आता स्पर्धेत उतरणारा संघ अडीच मिनिटांच्या आत उड्या, कोलांट्या, स्टंट, मनोरा आणि नाच असे सारे सादर करतो.

स्टंटच्या नेहमीच्या गटात चौघे असतात. वर जाते ती फ्लायर. तिचे पाय हातांवर घेणारे दोघे बेस. तिच्या मागे उभा राहतो तो बॅक स्पॉट. गरजेप्रमाणे समोर एक फ्रंट स्पॉटही असतो. प्रेक्षकाची नजर फ्लायरवर जाते, छायाचित्र तिचेच निघते आणि घरी आल्यावर कौतुकही तिच्याच वाट्याला येते. तिचे काम सोपे आहे असे मुळीच नाही. तिने बेसच्या खांद्यांवर हात टेकून उडी घ्यायची, आपले वजन आपल्या हातांवर तोलत पाय त्यांच्या तळहातांत द्यायचे आणि वर जाताच गुडघे ताठ करून सारे शरीर आवळून धरायचे. खाली पाहायचे नाही. सर्वांत अवघड भाग यापुढचा आहे. तोल जातोय असे वाटले तरी तिने स्वतः तो सावरायला जायचे नाही. तिने कमरेत वाकून किंवा हात हलवून तोल साधायचा प्रयत्न केला की खालच्यांना तिचे वजन नेमके कुठे आहे हेच कळेनासे होते. तोल सावरणे हे बेसचे काम. फ्लायर जितकी निश्चल, तितके खालच्यांना तिच्याखाली सरकणे सोपे. आपले शरीर दुसऱ्यांच्या हवाली करून स्थिर राहणे हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीकडून मागितलेले फार मोठे धैर्य आहे.

बेसची ताकद दंडात असते असे बघणाऱ्याला वाटते. शिकवणारे मात्र पहिल्या दिवसापासून सांगतात की उचलायचे पायांनी, हातांनी नव्हे. पाय खांद्यांइतके फाकलेले, पाठ सरळ, गुडघे वाकवून एकाच मोजणीवर खाली आणि एकाच मोजणीवर वर. पाठ वाकवून उचलणारा बेस काही महिन्यांत कंबर धरून बसतो. फ्लायर दोन्ही पायांवर उभी असेल तर दोघे बेस एकेक पाऊल सांभाळतात. ती एका पायावर गेली की कामाची वाटणी बदलते. मुख्य बेस तिच्या पावलाची टाच आणि चवडा धरून जवळपास सगळा भार घेतो, तर दुसरा बेस त्याच पावलाला मधोमध आधार देतो आणि ते डुगडुगू देत नाही. खांद्याच्या उंचीवर धरले तर तो ‘प्रेप’, हात पूर्ण सरळ करून डोक्यावर नेले तर ‘एक्स्टेन्शन’. पाहताना हा फरक हातभराचा वाटतो. पण कोपर वाकलेले असेपर्यंत चूक सुधारायला वाव असतो. हात पूर्ण ताणल्यावर तो फार थोडा उरतो. त्यामुळे खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरची शिकवू नये हा या कलेतला मूळ नियम आहे.

आणि बॅक स्पॉट. आमच्या मते चौघांत सर्वाधिक जबाबदारीचे आणि सर्वांत कमी ओळखले जाणारे काम हेच. सहसा गटातली सर्वांत उंच व्यक्ती इथे असते. मोजणी बहुधा तीच देते. वर चढताना ती फ्लायरला कमरेपासून उचलते, मग तिचे घोटे धरून बेसच्या हातांवरचा थोडा भार स्वतःकडे घेते. मागे उभी असल्याने फ्लायरच्या साऱ्या शरीरावर ती सतत नजर ठेवते; फ्लायरची नजर समोर असते. काही बिघडले की खाली उतरवायचा निर्णय तिचा आणि पडणाऱ्या मुलीचे डोके, मान व पाठ जमिनीपासून वाचवायचे कामही तिचेच. या क्षेत्रात एक शिकवण पुन्हा पुन्हा दिली जाते: फ्लायर जमिनीला लागता कामा नये. त्यासाठी खालचे तिघे स्वतः तिच्याखाली जातात, प्रसंगी तिचे कोपर तोंडावर घेतात. नवा स्टंट बसवताना गटाबाहेरचा एखादा स्पॉटरही बाजूला उभा करतात. त्याने काहीही उचलायचे नसते, फक्त लक्ष ठेवायचे असते.

उतरण्याची तऱ्हा ही चढण्याहून अधिक विचार करण्यासारखी आहे. बेस फ्लायरला किंचित वर उसळवतात, ती कमरेत दुमडून पाठीवर येते आणि तिघांच्या हातांत पडते. दोघे बेस पाठीखाली व मांड्यांखाली हात घालतात, बॅक स्पॉट काखेत हात घालून डोके आणि खांदे सांभाळतो. याला ‘क्रेडल’ म्हणतात. झेलताना हात उंच करून तिला लवकर स्पर्श करायचा आणि गुडघे वाकवत खाली आणायचे. यामागचे भौतिकशास्त्र साधे आहे. दोन मीटरवरून पडणारे शरीर खाली येईतो ताशी सुमारे 22 किलोमीटर वेग घेते. तो वेग जितक्या जास्त अंतरात थांबवला जाईल तितका आघात कमी. छातीशी आल्यावर झेलले तर धक्का फ्लायरच्या मणक्यालाही बसतो आणि बेसच्या मनगटालाही. ‘बास्केट टॉस’ या प्रकारात तर बेस एकमेकांची मनगटे गुंफून चौकोन करतात आणि फ्लायरला त्यावरून पूर्ण मोकळी फेकतात. काही क्षण तिला कोणाचाही हात लागलेला नसतो. त्या काही क्षणांत तिच्या सुरक्षिततेला वरच्या कसबापेक्षा खालच्यांच्या जागेवर असण्याचा आधार अधिक असतो.

आता दुखापतींकडे. चीअरलीडिंगमध्ये एकूण दुखापतींचे प्रमाण इतर अनेक खेळांपेक्षा कमी आहे, हे आधी सांगितले पाहिजे. पण ज्या होतात त्यांतल्या काही फार गंभीर असतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2012 मध्ये काढलेल्या धोरणपत्रात नमूद केले की 1982 ते 2009 या काळात माध्यमिक शाळांतील मुलींना खेळताना झालेल्या अतिगंभीर दुखापतींपैकी 65 टक्के चीअरलीडिंगमधल्या होत्या. डोक्याची कवटी, मेंदू, मज्जारज्जू यांना झालेल्या, कायमचे अपंगत्व वा मृत्यू ओढवू शकणाऱ्या अशा त्या दुखापती. ओहायोतील संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेंदूला धक्का बसण्याच्या जवळजवळ सर्व घटना स्टंट करतानाच्या निघाल्या. त्याच अभ्यासातली दुसरी नोंद आम्हाला अधिक बोलकी वाटते. इजा होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आधार देणे किंवा झेलणे हे होते. सुमारे चौथा हिस्सा दुखापती त्यातून झाल्या होत्या. म्हणजे वर चढणारी पडते तेव्हा खालचेही जायबंदी होतात आणि त्यांची बातमी होत नाही.

हे टाळण्याचे उपाय अज्ञात नाहीत. अकादमीने मनोरा दोन माणसांहून उंच नको, कठीण, ओल्या किंवा उंचसखल जमिनीवर स्टंट नको, प्रशिक्षक तयार असावा, डोक्याला लागल्याची शंका आली तरी त्या खेळाडूला ताबडतोब बाहेर काढावे अशा शिफारशी केल्या. अडचण वेगळीच होती. बऱ्याच शाळांच्या लेखी चीअरलीडिंग हा खेळच नव्हता. खेळ नाही म्हणून पात्र प्रशिक्षकाची सक्ती नाही, वैद्यकीय मदतनीस नाही, सरावाला मॅट घातलेली जागा नाही. बास्केटबॉल संघ मैदानावर, आणि त्याच संघासाठी ओरडणाऱ्या मुली बाहेरच्या व्हरांड्यात फरशीवर एकमेकींना उचलताहेत, अशी स्थिती. म्हणूनच अकादमीची सर्वांत महत्त्वाची मागणी होती ती चीअरलीडिंगला खेळ म्हणून मान्यता देण्याची.

न्यायालयासमोर हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने आला. कनेटिकटमधील क्विनिपिॲक विद्यापीठाने मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करायचे ठरवून त्याजागी स्पर्धात्मक चीअर संघ दाखवला. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या 1972 च्या ‘टायटल नाईन’ कायद्यानुसार मुलींना खेळाच्या समान संधी द्याव्या लागतात. 2010 मध्ये संघीय न्यायाधीशांनी हा संघ त्या हिशेबात धरता येणार नाही असा निकाल दिला आणि 2012 मध्ये अपिलातही तो कायम राहिला. या निकालाने मेहनत करणाऱ्या मुलींचा अपमान झाला अशी तक्रार तेव्हा झाली. आम्हाला तसे वाटत नाही. न्यायालयाने अंगमेहनत नाकारली नव्हती. ठरलेला हंगाम, एकसारखे नियम, सुसंघटित स्पर्धा यांचा अभाव दाखवून दिला होता, आणि एक दिवस हा खेळ त्या पात्रतेला पोहोचू शकेल असेही म्हटले होते. याच सुमारास दोन संघांनी समोरासमोर ठरावीक स्टंट करून गुण मिळवायचे अशी नवी रचना पुढे आली. जुलै 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने आंतरराष्ट्रीय चीअर संघटनेला पूर्ण मान्यता दिली. या मान्यतेने ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळत नाही, पण नियम, पंच आणि वैद्यकीय व्यवस्था यांची जबाबदारी टाळायला जागा कमी उरते.

महाराष्ट्राला ही वाट परकी नाही. गोविंदांच्या थरांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये 20 फूट उंचीची आणि 18 वर्षे वयाची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयात व पुन्हा उच्च न्यायालयात बरीच वाटचाल होऊन 2017 मध्ये उंचीची अट गेली आणि 14 वर्षांखालील मुलांना थरांत घेण्यास मनाई राहिली. 2022 मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. दर्जा मिळाला, विमा आला, हे चांगलेच झाले. पण आपली चर्चा अजून किती थर लागले आणि बक्षीस किती या दोन आकड्यांभोवतीच फिरते. थर लावण्याचा सराव पथके महिनोन्‌महिने करतात, तो पाहून कोणालाही आदर वाटेल. थर सुखरूप उतरवण्याचा आणि कोसळताना झेलण्याचा सराव तितकाच झाला पाहिजे. चीअरमध्ये चांगला प्रशिक्षक क्रेडल आधी शिकवतो, एक्स्टेन्शन नंतर. हा क्रम आपण जसाच्या तसा घ्यावा असा आहे.

त्याहून जवळचा प्रश्न शाळांचा आहे. स्नेहसंमेलनात, प्रजासत्ताक दिनाच्या कवायतीत आपल्या शाळा मानवी मनोरे उभारतात. पालक टाळ्या वाजवतात, वरच्या मुलाच्या हातात झेंडा असतो. खाली बहुधा मातीचे नाही तर सिमेंटचे मैदान असते आणि मागे झेलायला नेमून दिलेले कोणी नसते. मनोरे बंद करा असे आम्ही म्हणत नाही. एकमेकांचा भार घेण्याचे शिक्षण वर्गात मिळत नाही, ते इथे मिळते. पण क्रीडाशिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी यंदाचा सराव सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवून टाकाव्यात. मॅट नसेल तर दोन थरांच्या वर जायचे नाही. वर कोण चढणार हे ठरवण्याआधी मागे कोण उभे राहणार हे ठरवायचे, आणि त्या मुलांना झेलायचे कसे ते स्वतंत्रपणे शिकवायचे. कार्यक्रमाच्या दिवशी वर चढलेल्या मुलाबरोबर खाली आणि मागे उभ्या राहिलेल्या प्रत्येक मुलाचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारायचे. यातल्या पहिल्या गोष्टीला थोडा खर्च येईल. उरलेल्या दोन या आठवड्यापासूनही सुरू करता येतील.