चालायला निमित्त हवे

"डॉक्टर, चालायला सांगता, पण कंटाळा येतो हो!" मधुमेहाचे निदान झालेले रुग्ण महिन्याभरात हेच गाऱ्हाणे घेऊन परत येतात. नवे बूट घेतलेले असतात, आठ दिवस मैदानाला फेऱ्याही झालेल्या असतात. मग लग्नसराई येते, पाहुणे येतात. बूट फळीवर जातात आणि रक्तातली साखर वर चढते.

दोष केवळ रुग्णांचा नाही. आम्ही डॉक्टर 'चाला' एवढेच सांगतो, कुठे ते सांगत नाही. आपले वाडवडील व्यायाम म्हणून कधी चालले नाहीत. ते शेताला गेले, बाजाराला गेले, वारीला गेले. पायांना कुठेतरी पोहोचायचे असले की कंटाळा येत नाही.

नांदेड-लातूरकरांना अशा ठिकाणांची वाण नाही. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा भुईकोट किल्ला आणि त्याचा खंदक आहे. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगीरच्या लढाईत हरवले. तो किल्ला आजही उभा आहे. औसा तालुक्यात खरोशाची लेणी, देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे. आपण मात्र आजाराच्या तपासणीसाठी हैदराबाद गाठतो आणि घराजवळचा किल्ला पाहायचा राहून जातो.

एवढे लांब जाणे जमत नसेल तर आपल्याच गावची बारव, पडकी गढी, वेशीजवळची वीरगळ गाठा. सोबत घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि नातवंडांना घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर अनेक गावे नव्या जागी वसली. जुन्या गावात कोणाचा वाडा कुठे होता, पार कुठे होता, हे सांगणारी माणसे आता थकत चालली आहेत. नव्या गावातून जुन्या गावठाणापर्यंत आजोबांच्या चालीने गेलेल्या नातवाला जे कळेल, ते कोणत्या पुस्तकात मिळणार?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालणे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही गतीची सोपी खूण. रोजची फेरी गावातल्या गावात करा आणि महिन्यातला एक रविवार लांबच्या ठिकाणासाठी राखून ठेवा.

काही पथ्ये मात्र पाळा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ऊन चढण्याआधी घरी परता. लांबच्या फेरीला हिवाळाच बरा. पाण्याची बाटली जवळ असू द्या. मधुमेहींनी खिशात साखर किंवा गूळ ठेवावा, अनवाणी चालू नये आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत. त्यांना फोड आलेला कळतही नाही. हृदयविकार असलेल्यांनी चढ चढण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले, दम लागला तर तिथेच थांबावे आणि लगेच दवाखाना गाठावा. पडक्या भिंतींवर चढू नये.

वाचकहो, येत्या रविवारी घरातल्या आजोबांना एवढेच विचारा, "आपल्या गावची वेस कुठे होती?" ते उठून चालू लागतील. तुम्ही मागोमाग निघा.