काका, माया दीड इंच ठेवा



एरवी मी इथे जुन्या इंदूरच्या आठवणी लिहिते. रामबागेतले वाडे, गणपतीतले कार्यक्रम, सराफ्यातलं रात्रीचं खाणं. आजचा विषय वेगळा आहे. बायकांच्या कपड्यांचा आहे, पण पुरुष मंडळींनी वाचायला हरकत नाही. टोमणे मारण्यात तेही काही मागे नसतात.

माझ्या ताईच्या मुलाचं लग्न मार्गशीर्षात आहे. त्याची सख्खी बहीण, म्हणजे माझी भाची, करवली. वय सत्तावीस, चांगली नोकरी, बोलायला चुरचुरीत, आणि अंगाने भरलेली. आमच्या घराण्यातल्या सगळ्याच बायका तशा आहेत. तिला घेऊन मी राजवाड्याला गेले आणि तिथून सीतलामाता बाजारात. पहिल्या दोन दुकानांत ‘डबल एक्सएल तक ही आता है’ एवढ्यावर निभावलं. तिसऱ्या दुकानातल्या पोराने एकही घडी न उलगडता तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, ‘आंटी के साइज़ में तो नहीं आएगा.’ सत्तावीस वर्षांची आंटी! मग त्याला दया आली असावी. आतून एक काळा, ढगळ, गळ्यापासून पायापर्यंत सरळ लोंबणारा प्रकार काढून म्हणाला, ‘ये डाल लो, सब छुप जाएगा.’

भाची काही बोलली नाही. येताना कचोरीही नको म्हणाली, यावरून काय ते ओळखा. घरी आल्यावर ताईला म्हणाली, ‘करवली म्हणून दुसऱ्या कुणाला तरी उभी करा. सगळे फोटो तिथेच निघतात. मी मागे बसते.’

ताई चिडली. मला मात्र चिडता आलं नाही, कारण मला तिच्या कपाटातला एक गुलाबी ड्रेस आठवला. ती चौदा वर्षांची असताना वाढदिवसाला मीच दिला होता, मुद्दाम एक माप लहान. ‘थोडी बारीक झालीस की छान दिसेल’ असंही वर म्हटलं होतं. आमच्या मते ते प्रोत्साहन. तो ड्रेस तिने कधीच घातला नाही, किमतीच्या चिठ्ठीसकट वर्षानुवर्षं टांगलेला होता. दुकानातलं पोर तिला एकदाच बोललं. आम्ही घरचे तेच तेरा वर्षं बोलत आलो, फक्त प्रेमाने.

तर माझं म्हणणं असं. दुकानातला तो एक्सएल आणि डबल एक्सएल हे आपल्या अंगाचं माप नाही. एका कंपनीचा एक्सएल दुसरीच्या लार्जएवढा निघतो. ही मापं बरीचशी परदेशी तक्त्यांवरून थोडीफार बदलून घेतलेली. भारतीय अंगांची मापं घेऊन आपला स्वतःचा तक्ता करायची योजना निफ्ट या संस्थेने जाहीर केली ती २०१८च्या सुमारास, म्हणजे अगदी अलीकडे. मोठी मापं बहुधा कशी करतात? बारीक मुलीसाठी बेतलेला कपडा घेतात आणि सगळीकडून सारखा फुगवतात. छाती वाढली की खांदाही वाढवतात, गळाही वाढवतात. पण माणूस जाड झालं म्हणून खांद्याचं हाड काही तेवढं रुंद होत नाही! मग खांद्याची शिवण दंडावर उतरते, गळा पुढून उघडा पडतो, आणि दंड नि पोट मात्र तसेच आवळलेले. बाई आरशात पाहते आणि म्हणते, मीच बेढब. बेढब तो कुर्ता असतो.

माझ्या आजीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. ती चांगली धिप्पाड होती. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरचं, कसंही नेसा, पुरतंच. चोळी पुढे गाठीची, त्यामुळे बाळंतपणात, म्हातारपणात, अंग वाढो की उतरो, गाठ सैल नाहीतर घट्ट. तेव्हाही लोक नावं ठेवतच असतील, जुना काळ फार थोर होता असं मी म्हणत नाही. पण निदान लुगड्याने तिला कधी ‘तुझ्या मापात येत नाही’ म्हटलं नाही.

‘सब छुप जाएगा’ हेच मला पटत नाही. झाकायला म्हणून घेतलेला तंबू माणसाला आणखी मोठं दाखवतो. काळा रंग घ्या, उभ्या रेघा घ्या, मोठी बुट्टी नको, काठ रुंद नको, हे नियम आपण पाठ केले आहेत. त्यात तथ्य नाही असं नाही, पण फार थोडं. खांदा नीट बसला आणि कापड अंगावरून पडणारं असलं, तर राणी रंगही शोभतो. कडक टिश्यू नि ऑर्गन्झा फुगतात. चिकटणारं होजियरी कापड प्रत्येक वळी मोजून दाखवतं. आपली महेश्वरी मात्र रेशीम-सुताची, हलकी, अंगासरशी पडते. इंदूरपासून दोन-अडीच तासांवर अहिल्याबाईंचं महेश्वर आहे, आणि आपण मॉलमध्ये पॉलिस्टरचे गाऊन शोधत फिरतो!

तयार कुर्ताच घ्यायचा असेल तर अंगाच्या सगळ्यात रुंद भागाला, छाती किंवा नितंब जे असेल त्याला, आरामात बसेल असा घ्या आणि खांदा आत घ्यायला शिंप्याकडे द्या. उलटं केलंत तर फसाल, कारण तयार कपड्याच्या शिवणीत जेमतेम अर्धा इंच माया असते, उसवून मिळत काही नाही. बाजूचा कट पोटाच्या नेमक्या रुंद जागी उघडत नाही ना, तेही बसून पाहा. उभं राहून सगळेच कपडे बरे दिसतात.

साडीतही एक मेख आहे. साडी साधारण साडेपाच मीटरची, घेर मोठा असला की निऱ्या चारच येतात. जोडून आलेला ब्लाउजपीस आतल्या टोकाला असेल तर तो कापूच नका, साडीतच राहू द्या. ८० सेंटिमीटर जास्तीचे मिळतात. तसाही चव्वेचाळीसच्या छातीला कोपरापर्यंतची बाही त्या तुकड्यात बसत नाही. ब्लाउजसाठी वेगळं सव्वा मीटर कापड घ्यावं. आम्ही तेच केलं. राणी रंगाची महेश्वरी घेतली. दुकानातल्या बाई ‘हलका रंग दिखाऊँ?’ म्हणाल्या, तिला विचारून मीच नको म्हटलं.

मग आमच्या जुन्या शिंपीकाकांकडे गेलो. सत्तरीचे आहेत, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं ते फक्त टेपच्या आकड्यापुरतं. छाती, मुंढा, दंडघेर, पाठ. ‘हात वर कर पोरी. आता पुढे घे, पोळी लाटल्यासारखा.’ त्यात काख ओढली जाते की नाही ते बघितलं. प्रिन्सेस कट, पूर्ण अस्तर, दंडात एक इंच सैल. मी सवयीने तोंड उघडलं, ‘काका, लग्नापर्यंत थोडी कमी...’ आणि तिथेच थांबले. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मग मी म्हटलं, ‘काका, माया दीड इंच ठेवा. दोन्हीकडे.’

‘ती ठेवतोच,’ काका म्हणाले. ‘अंग काय, वरखाली व्हायचंच.’

परवा ट्रायल झाली. ब्लाउज घालून तिने दोन्ही हात वर केले, पुढे घेतले, आरशात बाजूने पाहिलं. पाठीवर एक सुरकुती येत होती, ती काकांनी टाचणीने घेतली. गाडीत बसल्यावर म्हणाली, ‘मावशी, तो करा भरल्यावर किती जड होतो गं? किती वेळ धरायचा असतो?’

तो गुलाबी ड्रेस मी तिच्याकडून मागून आणला आहे. उशीचे अभ्रे होतील, कापड चांगलं आहे.

आणि हो, देवास-उज्जैनकडे असा मापात हात बसलेला शिंपी कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा. ताईच्या जाऊबाईंनाही हवा आहे, आणि आमचे काका आता लांबचं काम घेत नाहीत.